त्याला आमचं सुतक नव्हतं

माझी पुतणी दिवाळीनंतर अकोल्याहून अमरावतीला येते, आणि घरात चार माणसं जमली की एक वाक्य हमखास बोलते, "मोठे बाबांनी वेळेवर सांगितलं म्हणून मी आज आहे." ऐकणारे माझ्याकडे आदराने पाहतात. मी चष्मा पुसायला घेतो.

मी वेळेवर सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ होती तेव्हा मी तिच्या वडिलांबरोबर, म्हणजे माझ्या धाकट्या भावाबरोबर, अकोला स्टेशनबाहेर बाकावर बसून भजे खाल्ले आणि गाडी आल्यावर उठून परत आलो. हे ज्यांना माहीत होतं त्यांच्यापैकी माझ्याशिवाय आता कोणी राहिलं नाही. माझी नव्वदी उलटली आहे. न लिहिता गेलो तर ते वाक्य तसंच राहील, आणि माझ्या फोटोखाली कोणी तरी ते म्हणेल.

आम्ही तिघे भाऊ. गाव अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना लागतं. काळी जमीन, कापूस, तूर, खाऊनपिऊन सुखी घर. मी मधला. धाकटा तीन वर्षांचा असताना आईची चुलत बहीण, आमची मावशी, नवऱ्यासह अकोल्याहून आली. त्यांची कापसाची अडत होती आणि मूल नव्हतं. मावशी दोन दिवस आम्हाला न्याहाळत राहिली. पहिला मुलगा कोणी देत नाही, म्हणून मोठा सुटला. माझ्याकडे पाहून ती आईला म्हणाली, "हा आता मानसं ओळखते. हा नाही रुळनार." मला पाठवलं असतं तर मी कोणालाही ओळखलं नसतं. अकोल्यात विजेचे दिवे होते. पण मला कोणी विचारलं नाही. धाकटा तिच्या मांडीवर चढला, तिच्या बांगड्या फिरवत बसला, आणि तिथेच ठरलं.

दत्तविधान रीतसर झालं. होम झाला, आई-वडिलांनी हातावरून पाणी सोडलं, आणि भटजींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आजपासून हा त्या कुळाचा; इकडचं नातं तुटलं. धाकटा तोवर झोपी गेला होता. त्याला तसाच उचलून बैलबंडीत ठेवला. पुढे तो आमच्याकडे पाहुणा म्हणून यायचा. मावशीला आई म्हणायचा आणि आमच्या आईला मोठी मावशी. मला मात्र दादाच म्हणायचा. तो शब्द दोन्ही घरांत चालत होता.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी वडील गेले. वय फार नव्हतं, पंचेचाळीसच्या आतच. त्याआधी दोन-तीन वर्षं त्यांना शौचातून रक्त पडत होतं. सगळ्यांनी त्याला मूळव्याध म्हटलं आणि आम्हीही म्हणत गेलो. त्यांच्या ताटातलं तिखट बंद झालं. ताक, सुरण, बडनेऱ्याच्या एका वैद्याच्या पुड्या, सगळं झालं. शेवटी अंगरखा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा त्यांच्या अंगावर. आत काय आहे ते पाहायला हवं, असं कोणी म्हटलं नाही. मूळव्याधीत पाहायचं काय असतं?

दहाव्याला नदीवर मोठ्याचे आणि माझे केस काढले. धाकटा पंधरा वर्षांचा असेल. अकोल्याहून वडिलांबरोबर, म्हणजे मावशीच्या नवऱ्याबरोबर आला होता. न्हाव्याने सवयीने त्यालाही हाताने बोलावलं. तो दोन पावलं पुढे आलासुद्धा.

"त्याले नाही," मावशीचे यजमान म्हणाले. "त्याले तुमचं दहा दिवसाचं लागत नाही."

तो तिथेच थांबला. तेल लावून भांग पाडलेले केस, आणि काय करावं ते न कळलेला चेहरा. मग माझ्याशेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "दादा, डोकं तापत असंल तुहं. माही टोपी घे."

तेराव्याला त्याचं पान पाहुण्यांच्या पंगतीत मांडलं होतं.

कृषी शाळेतून निघून मी अमरावतीजवळच्या सरकारी कापूस फार्मवर लागलो. शुद्ध बियाणं तयार करणं हे आमचं काम. उद्या उमलणारी कळी आदल्या दिवशी ऊन कलताना ओळखता येते. तिच्या टोकाला दोरा बांधायचा, म्हणजे सकाळी ती उमलत नाही, मधमाशीला आत जाता येत नाही, आणि दुसऱ्या जातीचा पराग तिला लागत नाही. त्या बोंडातली सरकी आईबापांसारखीच निघते. ही सरकी वाटताना मी शेतकऱ्यांना बजावायचो की ती कोणाच्याही वावरात टाका, जात तीच राहील. हे सांगण्याचाच मला पगार मिळत होता. हे इथे लिहून ठेवतो, कारण मला कळत नव्हतं असं पुढे कोणी म्हणू नये.

साठ सालाच्या मागेपुढे मोठ्या भावाला तेच सुरू झालं. रक्त, अशक्तपणा, पोटात कळा. घरात पुन्हा ताक आणि सुरण आलं. मी त्याला जबरदस्तीने अमरावतीला इस्पितळात नेलं. तिथले सर्जन मुंबईला शिकलेले, कमी बोलणारे, चेहऱ्यावरून रागीट वाटणारे. त्यांनी तपासणी केली, ऑपरेशन केलं, आणि मला खोलीत बोलावून दार लावलं.

"मूळव्याध नाही," ते म्हणाले. "कॅन्सर आहे. पण तेवढंच नाही. मोठ्या आतड्यात आतून सगळीकडे बारीक बारीक गाठी आहेत, ज्वारीच्या कणसासारख्या. त्यातली एक बिघडली. वडील कशाने गेले?"

मी सांगितलं.

"वय?"

तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. हे घराण्यातून उतरणारं दुखणं आहे, म्हणाले. बापाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी, छापा-काटा. गाठी विशी-पंचविशीच्या आतच उगवतात आणि बरीच वर्षं काहीही त्रास देत नाहीत. तेव्हाच नळी घालून पाहिलं आणि सापडल्या तर आतड्याचा तो भाग काढून टाकता येतो. माणूस जगतो. "रक्त दिसायची वाट पाहिली तर तुमच्या भावासारखं होतं. आणि खाण्यापिण्याचा याच्याशी संबंध नाही. तिखट बंद करून काही होत नाही. तुम्ही भावंडं किती?"

"दोघं," मी म्हणालो. आमच्या घरात तसंच म्हणायची सवय होती. मग म्हणालो, "एक आणखी आहे. तो दत्तक गेला."

"दत्तक गेला म्हणजे? आतडं इथे ठेवून गेला का?"

तो अकोल्याला असतो, एवढं मी सांगितलं.

"त्याला घेऊन या," ते म्हणाले. "आधी तुम्ही स्वतः झोपा टेबलावर."

ती तपासणी मी सगळीच सांगत नाही. साबणाच्या पाण्याचा एनिमा, मग गुडघे आणि छाती टेकवून टेबलावर ओणवं व्हायचं, मग लोखंडी नळी, तिच्या टोकाला दाण्याएवढा दिवा. सर्जन एक डोळा मिटून आत पाहत होते. मला कळ येत होती, पण लाज त्याहून जास्त. नर्स भिंतीकडे तोंड करून उभी होती. ते म्हणाले, "स्वच्छ आहे. दोन वर्षांनी पुन्हा या." मी धोतर सावरलं आणि बाहेर व्हरांड्यात येऊन नळाचं पाणी पीत राहिलो. आत वॉर्डात मोठा भाऊ पोटाला पट्टा बांधून पडला होता. मला आनंद झाला होता, आणि तो लपवण्यासाठी मी बराच वेळ आत गेलो नाही.

पुढच्याच आठवड्यात अकोल्याला गेलो. खरं तर धाकट्याच्या दुकानात जाऊन त्यालाच बाजूला घ्यायला हवं होतं. पण दत्तक गेलेल्या मुलाशी जुन्या घराचं काही बोलायचं तर आधी त्याच्या आईला विचारायचं, ही आमच्यात रीत होती. ती मोडायची हिंमत मला झाली नाही. तो दुकानात असताना मी घरी गेलो. मावशी सुपात तूरडाळ निवडत होती.

"काहून रे, एकटाच?" ती म्हणाली. "मोठा कसा हाय?"

मी अडखळत सांगितलं. मूळव्याध नाही, आमच्या वडिलांनाही हेच होतं, सख्ख्या भावांना तपासावं लागतं, मी तपासून घेतलं, आता यालाही घेऊन जातो म्हणालो. एका दिवसाचं काम. मावशीचे हात थांबले नाहीत. खडे वेचून ती बाजूला टाकत होती.

"याले कायले?" ती म्हणाली.

"तो बी वडिलाईचाच ना, मावशी."

"नाही." आता तिने सूप खाली ठेवलं. "पानी सोडलं तुह्या मायनं. होम झाला. तू होता तिथं, पायलं तू. तुमचा बाप मेला तवा त्याचे केस नाही काढले. तुमचं सुतक त्याले लागत नाही, मंग तुमचं दुखनं कुठून लागीन?"

मला उत्तर माहीत होतं. फार्मवर येणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला मी ते दोन मिनिटांत समजावलं असतं. मावशीसमोर मी गप्प बसलो.

तिचा आवाज मग खाली आला. "मले एकच हाय रे. सून पोटुशी हाय. आता त्याले नेऊन नळ्या घालशीन, कॅन्सर कॅन्सर म्हनशीन, अन् थो खाटेवर बसून राहीन. तुमच्या घरचं तुमच्या घरी ठेव. त्याले काही बोलशीन त तुले माही शपथ हाय." आणि पदराने डोळे पुसून, काहीच घडलं नाही अशा आवाजात, "जेवून जाजो."

तिला मी दोष देत नाही. ती घाबरली होती. मीही घाबरलो होतो, पण माझ्या भीतीत एक सुटका होती. धाकट्याला नळी घालायची, त्यात गाठी दिसल्या तर त्याला सांगायचं, त्याचं आतडं काढायला लावायचं, त्याच्या गरोदर बायकोसमोर उभं राहायचं. हे सगळं मावशीने एका शपथेत माझ्या डोक्यावरून काढून घेतलं. मी जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

चारच्या सुमाराला धाकटा आला आणि मला स्टेशनवर पोचवायला निघाला. मी सायकलच्या कॅरिअरवर.

"दादा, फार्मवर तू सरकी खाऊन राहतं का म्हैशीवानी?" तो पायडल मारत म्हणाला. "सायकल चढून नाही राहिली माही."

"उतरतो ना."

"बस, बस. पाहुना उतरवला म्हनून माय बोलीन मले."

गाडीला वेळ होता. स्टेशनबाहेर बाकावर बसून त्याने मिरचीचे भजे मागवले. एक तोंडात टाकून मी पाणी मागितलं, तसा तो हसायला लागला.

"तुमच्या घरच्याईले तिखट सोसतच नाही. आमच्या घरचं पोट पाय." त्याने अख्खी मिरची देठासकट खाल्ली.

आमच्या घरचं, असं तो किती सहज म्हणाला. मला बरं वाटलं. खरंच तो त्या घरचा झाला असेल, पोटसुद्धा त्या घरचं झालं असेल, असं मी स्वतःला वाटू दिलं. लहानपणी त्याचा हेवा वाटायचा, की हा सुटला आणि मी राहिलो. त्या दिवशी तोच हेवा माझ्या सोयीचा झाला. सुटला आहे ना तो, मग यातूनही सुटला असेल.

"पन खरं सांग," तो बोटं पुसत म्हणाला. "काहून आलता?"

"सरकी पाहायची होती."

"लेका, माहा बाप सरकीच्या ढिगावर बसते दिवसभर. सांगतलं असतं त बंडीभर दाखवली असती." मग जरा थांबून, "मोठा दादा कसा हाय?"

"बरा आहे."

गाडी आली. त्याने खिडकीतून पानाची पुडी दिली. मला इतकी गाढ झोप लागली की बडनेऱ्याला हमालाने हलवून उठवलं. मोठ्याचं दुखणं कळल्यापासून मी तसा झोपलो नव्हतो. त्या झोपेची मला आजही लाज वाटते.

पुढे संधी आल्या नाहीत असं नाही. मोठा भाऊ दीड वर्षाने गेला. त्याला मूल नव्हतं. धाकटा आला, खांदा दिला. केस या वेळीही नाहीत. आम्ही दोघं चितेशेजारी तासभर बसलो होतो. तेव्हा सांगता आलं असतं. मावशीची शपथ आठवली, असं मी स्वतःला सांगितलं. शपथ मोडली की ज्याची घातली तो मरतो, असं मी मानत नव्हतो. मला ती शपथ मोडायची नव्हती, एवढंच.

आणि सर्जन. दोन वर्षांनी मी स्वतःच्या दुसऱ्या तपासणीला गेलो. ती मात्र मी चुकवली नाही. टेबलावरून उतरलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमचा दत्तक गेलेला भाऊ आला नाही तो?"

"त्याने अकोल्यालाच दाखवलं," मी म्हणालो. "काही नाही निघालं."

"चांगलं झालं," ते म्हणाले, आणि त्यांचा रागीट चेहरा क्षणभर मोकळा झाला. हे खोटं बोलायला मला कोणी शपथ घातली नव्हती.

धाकट्याला मुलगी झाली, मग मुलगा. मुलगी पाच वर्षांची असताना एका संध्याकाळी तो फार्मवर मला भेटायला आला. मी कपाशीच्या ओळीत कळ्या बांधत होतो. तो बांधावर टेकला. गालफडं बसली होती.

"काय झालं?"

"काही नाही. थोडं रगत पडते. गरमी हाय. डॉक्टरले दाखवलं, त्यानं मलम देल्लं. इचारत होता, बापाले काय होतं म्हने. म्या म्हनलं, बापाले दमा हाय. आजाबी दम्यानंच गेला."

त्याने खोटं सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी बापाचं विचारलं, त्याने बापाचं सांगितलं. हातातला दोरा कळीला गुंडाळायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला इस्पितळात नेलं; इथले सर्जन चांगले आहेत, एवढंच म्हणालो. सर्जननी त्याला पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हेच ना ते?"

मी हो म्हणालो. त्याच्यासमोर ते काही बोलले नाहीत. ऑपरेशननंतर हात धूत असताना, पाठ माझ्याकडे ठेवून, म्हणाले, "तुम्ही म्हणाला होता, तपासलंय." पाणी वाहत राहिलं. मी उभा राहिलो. ते वळले नाहीत, तेव्हा निघून आलो. रोग यकृतापर्यंत गेला होता.

धाकटा वॉर्डात मोठ्याच्याच रांगेत, दोन खाटा पलीकडे होता. एका दुपारी मी त्याला मोसंबी सोलून देत होतो.

"दादा, मोठ्या दादाले बी हेच होतं ना?"

"हो."

"अन् बापूले?"

आमच्या वडिलांना बापू म्हणताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

"हो."

तो ओठ वाकडे करून हसला. "मंग मले तुमचं सुतक लागत होतं म्हन ना. फुकट केस ठेवले."

मी फोड त्याच्या हातात दिली.

"तुले कवा समजलं हे?"

"आताच," मी म्हणालो. "तुझ्या ऑपरेशनमधी समजलं डॉक्टरले."

त्याने मान हलवली. माझ्यावर त्याचा विश्वास होता. फोड त्याने तोंडात न घालता बराच वेळ हातात धरून ठेवली.

तो अकोल्याला, त्याच्या घरीच वारला. त्याच्या दिवसांत मावशीला एकच धोशा लागला होता. जी बाई भेटायला येईल तिला सुनेकडे बोट दाखवून सांगायची, "हिनं तिखट घालू घालू माह्या पोराचं आतडं जाळलं." सून कोपऱ्यात मान घालून बसलेली असायची. सव्विशीही ओलांडली नसेल तिने. बायका हळहळायच्या आणि तिच्या हातच्या रश्श्याबद्दल बोलायच्या. सर्जन काय म्हणाले होते ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. मी पुरुषांच्या बाजूला बसून ऐकत होतो.

वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा मुलांचा विषय काढायलाच हवा होता. तेवढी भीती माझ्यात उरली होती, की आणखी दोन जीव जातील. माजघरात मावशी शेंगा सोलत होती, सून दारापाशी पदर सावरून उभी. मी सुनेला सांगितलं की हे दुखणं आमच्या वडिलांकडून आलं आहे, मुलं मोठी झाली की दोघांना तपासावं लागेल, त्रास असो की नसो.

"भाऊजी, आधी समजलं असतं त?" तिने विचारलं.

"आधी कोणालेच माहीत नव्हतं," मी म्हणालो. "डॉक्टरले बी नाही."

मावशीने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तिने पुन्हा शेंग उचलली. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ते गिळलं. सुनेला तिने पुन्हा कधी बोल लावला नाही, असं ऐकलं. पण चूक झाली, असंही तिला म्हणाली नाही, आणि मरेपर्यंत माझ्याशी एकटी कधी बसली नाही. सुनेने आपल्या परीने अर्थ लावला, की रक्तात होतं, पण तिखटाने उठवलं. खाण्याचा संबंध नाही, हे एक वाक्य मी तिला सांगायला हवं होतं. ते सांगितलं तर कोणी सांगितलं, कधी सांगितलं, हे निघालं असतं.

मुलं चौदा-पंधराची झाल्यावर मीच त्यांना घेऊन गेलो. सर्जन तोवर निवृत्त होऊन गेले होते. मुलगा स्वच्छ निघाला. मुलीत गाठी होत्या, एकही बिघडलेली नव्हती. मुंबईला तिचं मोठं आतडं काढलं. ती जगली, शिकली, तिचं लग्न झालं, मुलं झाली. त्या ऑपरेशननंतर ती मला मोठे बाबा म्हणू लागली. बापाच्या थोरल्या सख्ख्या भावाला आमच्याकडे तसं म्हणतात.

यंदा ती नेहमीसारखी बोलली, लोक पांगले, आणि मग माझ्याजवळ बसून म्हणाली, "माझ्या नातवाची तपासणी करायची आहे. आता रक्तावरून कळतं. अमरावतीचेच डॉक्टर आहेत. त्यांना घराण्याची सगळी माहिती हवी, कोणाला काय, कोणत्या वयात. तुमच्याशिवाय कोण सांगेल?"

मी तिला वडिलांपासून सांगायला लागलो, आणि या वेळी मध्ये थांबलो नाही. सूप, शपथ, सायकल, भजे, सर्जनना बोललेलं खोटं, मोसंबीची फोड. ती ऐकत होती. तिचा चेहरा पाहायचा मी प्रयत्न केला, पण डोळे आता तेवढं दाखवत नाहीत.

तिने विचारलं, "आजीला माहीत होतं?"

"हो."

"माझी आई शेवटपर्यंत भाजीत तिखट टाकताना हात आखडायची. आम्ही हसायचो तिला."

ती उठली नाही. मग तिने विचारलं, "स्टेशनवर बाबा हसत होते म्हणालात ना?"

"हो. मला तिखट लागलं म्हणून."

"मला त्यांचं हसणं आठवत नाही," ती म्हणाली आणि आत गेली. रात्री ती माझ्याशी बोलली नाही. सकाळी चहा ठेवताना म्हणाली, "सोमवारी तुम्ही चला. तिथे तुम्हीच सांगा, पहिल्यापासून."

गेलो. डॉक्टर तरुण आहेत. वंशावळ काढताना त्यांनी विचारलं की पेशंटच्या पणजोबांचे वडील कोण. मी आमच्या वडिलांचं नाव सांगितलं आणि त्यांच्या खाली तीन रेघा ओढायला लावल्या. तिसऱ्या रेघेशी त्यांचं पेन थांबलं.

"हे तिशीतच गेले? तोवर कुटुंबात कोणाला माहीत नव्हतं का हे?"

पुतणी नातवाचा हात धरून खिडकीकडे पाहत होती.

"मला माहीत होतं," मी म्हणालो.